मस्कत एका भाकरीच्या आत

आदल्या संध्याकाळी आम्ही नवराबायको ओटीवर बसून वाल सोलत होतो. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकायचे, एकेक चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते, दाणा निसटून टोपात पडतो. तिचा टोपात पडायचा. माझा उडून अंगणात जायचा आणि तिथं कोंबड्या टपलेल्याच.

"कोंबड्यांना जेवाय घालताय का मानसांना?" ती म्हणाली.

"बायकांचं काम माज्या गळ्यात घातलंस, मग आसंच होनार."

"मग उद्या बिरडं खाऊ नका. कोंबड्या खातील, तुमी बगा."

तेवढ्यात भीमाशंकरच्या डोंगराकडून एक विमान आलं. तिनं हात थांबवला, कपाळावर पंजा आडवा धरला आणि नेहमीचंच विचारलं, "उतरतंय का चडतंय?" मी म्हटलं, उतरतंय. "मंजे कुनाचं तरी पोरगं आलं," म्हणाली आणि पुन्हा वालाला लागली. आमचं शेवटचं बोलणं हे असं. वाल, कोंबड्या आणि परक्याचं पोरगं. काही मोठं बोललो असतो तर आज लिहायला बरं दिसलं असतं. नाही बोललो.

सकाळी ती चूल पेटवायला वाकली आणि छाती धरून तिथंच बसली. मी तिला ओटीवर आणून निजवली. शेजारी सायकल काढून कशेळ्याला डॉक्टर आणायला गेला. तो फाट्यापर्यंतही पोचला नसेल, तोवर तिचं सगळं आटपलं होतं. वैशाखातला शुक्रवार होता. वार सांगतो त्याला कारण आहे, पुढं या वारानंच घात केला.

आमचा एकुलता एक मुलगा तेव्हा मस्कतला होता.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिण्यात चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं, मला सुधारायला येऊ नये. पण पुढचं कळायला आमच्या गावची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं जुनी माणसं वाट मैलांत मोजत नव्हती, भाकरीत मोजायची. घरून निघून जेवायच्या वेळेला परत येता आलं तर ती बिनभाकरीची वाट. कशेळे बिनभाकरीचं. मुंबई, पुणं एका भाकरीचं. सकाळी निघताना एक वेळचं फडक्यात बांधून घ्यायचं, दुसऱ्या जेवणाला मुक्कामावर. त्याच्यापुढं दोन भाकरी. खालापुराकडच्या आतल्या गावात माझी सासुरवाडी, ती माझ्या लग्नाच्या काळात दोन भाकरींवर होती. म्हणजे मुंबईपेक्षा लांब. हसू नका. मुंबईला गाडी जात होती, सासुरवाडीला आपले पाय.

आणि नियम असा होता, की मयत झालं आणि पोटचं मूल एका भाकरीच्या आत असलं तर मयत थांबवायचं. दोन भाकरींवर असलं तर थांबवायचं नाही, भावकीतल्या कुणीतरी अग्नी देऊन मोकळं व्हायचं. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे पाळायचे. तिच्या माहेरीही हेच.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी तिचा बाप गेला. सांगावा घेऊन माणूस चालत आला, आम्ही पायांत घातलं तसं निघालो. पावसाचे दिवस, वाटेत नदीला पाणी, उतार मिळेपर्यंत काठावर बसून राहावं लागलं. पोचलो तेव्हा राख गार झाली होती. ती रडली नाही. अंगणात उभी राहून तिच्या चुलत्याला म्हणाली, "दोन भाकरीवर व्हती म्हनून थांबला नाय, व्हय काका? मग येवढ्या लांब मला दिली कुनी? तुमीच ना?" म्हातारा खाली बघत राहिला.

तेव्हापासून तो नियम तिला काट्यासारखा सलायचा. मुलगा झाला, मोठा झाला, साजगावच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला तेव्हा तिला सगळ्यात जास्त आनंद कसला झाला असेल? साजगाव एका भाकरीच्या आत आहे याचा. पगार नंतर विचारला तिनं.

मग मुलानं मस्कतचं काढलं. एजंट, कागद, फोटो, सगळं करून आला आणि मग आम्हाला सांगितलं. मी ओरडलो. ती ओरडली नाही, तिनं फक्त विचारलं, "किती भाकरी?" आम्ही दोघं त्याला सहारच्या विमानतळावर सोडायला गेलो. तिनं चार भाकऱ्या आणि सुकटाची चटणी फडक्यात बांधली होती. समुद्रापलीकडं म्हणजे चार तरी, असा तिचा अंदाज. मुलगा हसायला लागला.

"आये, इमानात जेवान देतात. जेवून हात पुसंपर्यंत उतरवतात बी. तीन तास पन नाय लागत."

"तीन तास? तेवढ्यात भूक तरी लागंल का, मग जेवान कशाला?"

"त्याचंच बिल तिकिटात हाय, आये. नको घेऊ म्हनतेस का?"

त्या चार भाकऱ्या परतीच्या वाटेवर आम्हीच खाल्ल्या. नेरळ येईपर्यंत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग हात झटकून म्हणाली, "अवो, तीन तास मंजे मस्कत एका भाकरीच्या आत हाय." तिच्या तोंडावर असा उजेड मी लग्नातही पाहिला नव्हता. मी म्हटलं, हाय खरं.

तरी तिची खात्री होईना. गावच्या शाळेत एक तरुण गुरुजी होते, त्यांच्याकडं मला घेऊन गेली. गुरुजींनी कपाटावरून पृथ्वीचा गोल काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मुंबईपासून मस्कतपर्यंत दोरा धरला. तिनं दोऱ्याला बोट लावून बघितलं. दीड पेर.

"येवढंच?"

"एवढंच. हजार मैलांच्या आतबाहेर असेल. विमानाला काय, सरळ रेघ."

"आनि गुरुजी, कर्जत कुटं?"

गुरुजी म्हणाले, कर्जत दिसत नाही, फार लहान आहे. खालापूर? तेही नाही. मुंबईचा जो ठिपका आहे ना, त्याच्यातच आलं सगळं.

तिनं त्या ठिपक्यावर नख ठेवलं. "मंजे माजं म्हायेर नि सासर एकाच ठिपक्यात. मग माज्या बापाच्या मयताला मला उशीर कसा झाला वो गुरुजी?"

गुरुजी बिचारे गोल पुसत बसले. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाले, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं; जाताना माणसाला दीड तास जास्तीचा मिळतो, येताना तेवढाच कमी होतो. ते तिला अजिबात पटलं नाही. "घर सोडताना द्यायचा नि घरी येताना काडून घ्यायचा? उलटंच हाय की देवाचं." घरी येताना मला म्हणाली, "मी गेली तर त्याच्यासाटी थांबायचं. गावाला सांगायचं, एका भाकरीच्या आत हाय म्हनून. बोलाल ना?" मी म्हटलं, बोलीन. त्यात काय.

त्यात काय ते त्या शुक्रवारी कळलं.

माझा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणायचो. गावात लग्नाचं आणि मयताचं त्याच्या शब्दावर चालायचं. वाईट माणूस नव्हता. दिवस वर यायच्या आत तो हजर झाला, अंगणात उभा राहून म्हणाला, "बांबू आनाय मानसं धाडलीत. बाराच्या आत उरकू. उन्हाचं दिस हायत."

"थांबायचं," मी म्हटलं.

"कुनासाटी?"

"पोरासाटी."

"पोरगा मस्कतला हाय रं."

"एका भाकरीच्या आत हाय."

मागं कुणीतरी फसकन हसलं. मयताच्या घरी. मी तिकडं बघितलं तर सगळी तोंडं सारखीच गंभीर.

"तीन तासांचं इमान हाय," मी म्हटलं. "पुन्याच्या यस्टीला यापेक्षा जास्त लागतात. तुज्या मेव्हन्याच्या वक्ताला पुन्याच्या पोराची वाट बगितली का नाय आपन? ऊन कललं तवा आला तो. तवा उन्हाचं दिस नव्हतं?"

"अरं, पुनं जमिनीवर हाय."

"मग?"

"मग काय मग! मस्कत समुद्रापल्याड हाय."

"भाकरीनं मोजतोस का पान्यानं, ते एकदा ठरव दादा. नियम भाकरीचा हाय."

नियम दादाच्याच तोंडचा, नाही कसं म्हणणार? गर्दीतून गुरुजी पुढं आले. मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "काका, विमान तीन तासांचं आहे हे खरं. पण आधी त्याला कळायला पाहिजे. मग सुट्टी, मग कागद, मग तिकीट."

मी म्हटलं, "मग कळवा. इथं हुबं राहून कळनार हाय का त्याला?"

गुरुजींनी फटफटी काढली. मुलगा पूर्वी ज्या कारखान्यात होता तिथल्या ऑफिसात फोन होता आणि त्याच्यावर माया करणारी माणसंही होती. गुरुजी साजगावला गेले.

इकडं बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळ कुंकवानं भरलं. एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची गं बाय, नवऱ्याच्या आधी गेली." मी म्हटलं, "भाग्य तिचं. मी काय मग, वाटेवर सांडलो?" शेजारीण आत गेली आणि सोललेल्या वालाचा टोप उकिरड्यावर पालथा करून आली. मयताच्या घरातलं भिजवलेलं ठेवत नाहीत. मी बाहेर येईपर्यंत कोंबड्या तुटून पडल्या होत्या. ती म्हणाली होती तसंच झालं. शेजारणीला मी नको ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

गुरुजी दुपार टळल्यावर आले ते टेंपोत बसून. मागं त्यांची फटफटी आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. शिळफाट्यावर सरबतवाले आणि मासळीवाले जिथून घेतात तिथून उचललेली. ती बघून दादाचा पारा चढला.

"बर्फात घालतोस? माज्या भावजयीला? ती काय म्हावरं हाय का रं?"

"म्हावऱ्याला चालतो, मग तिला का नाय?" मी म्हटलं. "म्हावऱ्यापेक्षा तिची किंमत कमी हाय का?"

गुरुजींनी मला फोनचं सांगितलं. लागायलाच फार वेळ गेला. लागला तर पलीकडून पहारेकरी बोलला. ऑफिस बंद. तिकडं शुक्रवार म्हणजे आपला रविवार. पहारेकरी मात्र भला निघाला. म्हणाला, आत्ता कॅम्पवर जातो, मुलाला सांगतो. पण पासपोर्ट मुलाजवळ नाही. तिकडं कामगारांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतात, आणि कपाट शनिवारी उघडणार.

हे माझ्या डोक्यात शिरेना. पोरगा तिथं, विमान तिथं. मधे कपाट. नदीला पाणी असलं तर माणूस उतार बघतो, कपाटाला उतार कुठून काढायचा? मी गुरुजींना म्हटलं, "कपाट फोडायला सांगा." ते म्हणाले, "काका, असं नाही करता येत." मी म्हटलं, "कपाट मानसानंच केलंय ना?"

दादानं ऐकलं होतं. तो जवळ येऊन बसला. आता त्याचा आवाज मऊ होता आणि मऊ आवाज मला जास्त झोंबला. "बघ, तुजा शबूद मी मोडत नाय. पन आळीत चूल पेटली नाय सकाळधरनं. मयत दारात आसंपर्यंत पेटत नाय, तुला ठाव हाय. बारकी पोरं उपाशी हायत. तुज्या हट्टापायी."

हे मात्र मला सुचलंच नव्हतं. मी उठलो आणि आळीच्या मधोमध उभा राहिलो. मोठ्यानं ओरडलो, "चुली पेटवा! मी सांगतो, पेटवा. पाप लागलं तर माज्या डोक्यावर. ती कवा कुनाला उपाशी ठेवनारी बाय नव्हती!"

कुणी हलेना. दारादारांतून नुसती माणसं बघत उभी. मग शेजारीण, जिला मी दुपारी शिव्या घातल्या तीच, घरात गेली. थोड्या वेळानं तिच्या कौलांतून धूर आला. तो बघून दुसरीकडं आला, मग तिसरीकडं. दादा म्हणाला, "गावाची रीत बुडवलीस." मी म्हटलं, "रीत बुडली तर पोहून वर येईल, पोरं उपाशी मेली तर नाय येत." तो पाय आपटत निघून गेला. तेवढ्यात दिवसही बुडाला. दिवस बुडाल्यावर आमच्याकडं अग्नी देत नाहीत, म्हणजे तो शुक्रवार मी गावाच्या हातून काढून घेतला होता. मला वाटलं, जिंकलो.

शनिवारी सकाळी गुरुजी पुन्हा साजगावला गेले. मी तिच्याजवळ बसलो. लादीचं पाणी ओटीवरून ओघळून अंगणात चाललं होतं, त्याला मुंग्यांची रांग लागली होती. मी गोणपाट सारखं करायचो, मुंग्या झाडायचो, भुसा लावायचो. लादी आदल्या दिवशी माझ्या कमरेएवढी लांब होती, आता पाटावर मावेल एवढी राहिली. आणि ऊन तर असं, की कौलं तडकताना ऐकू येत होती.

गुरुजी आले तेव्हा दादाही आला होता. गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं. कपाट उघडलं. पासपोर्ट मिळाला. मुलाशी स्वतः बोलले, तो रडत होता. आजच्या विमानात जागा नाही. उद्या सकाळी बसेल, दहाच्या सुमाराला सहारला उतरेल.

"झालं तुजं तीन तास?" दादा म्हणाला.

"इमान तीनच तास घेतंय," मी म्हटलं. "बाकीचा वेळ मानसं खातात. इमानाला बोल लावू नको."

आजही मी तेच म्हणतो. माझा हिशेब चुकला असं गावात सगळे मानतात. चुकला नाही. तिचाही चुकला नव्हता. दोरा दीड पेरच होता.

गुरुजी म्हणाले, "काका, मी आणखी दोन लाद्या घेऊन येतो. उद्या दुपारपर्यंत काढू आपण." शहाणा मुलगा. बाकीच्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आत ओटीवर गेलो, तिच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि बघितलं.

काय बघितलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की ही बाई कधी केस विंचरल्याशिवाय दारात आली नव्हती. भाजी घ्यायला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तरी आधी पदर नीट करायची. तापात होती तेव्हासुद्धा डॉक्टर आला म्हटल्यावर उठून कुंकू लावलेलं मी पाहिलंय. त्या बाईनं मला 'थांबा' सांगितलं होतं ते पोरानं तिला बघावं म्हणून. आता तो जे बघणार ती ती नव्हती. आणि ते तिला चाललं नसतं. विचारायला ती नव्हती, म्हणून मीच ठरवलं. गावानं नाही, दादानं नाही, उन्हानंही नाही. मी.

बाहेर येऊन म्हटलं, "लादी नको गुरुजी. तिरडी बांधा."

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. "हरलो म्हनून नाय बोलत," मी म्हटलं. "तिच्यासाटी बोलतोय."

तिरडी बांधून झाली. दादाचा मुलगा धोतर नेसून, मडकं घेऊन पुढं आला. चांगला पोरगा, त्याच्याबद्दल काही नाही. मी त्याच्या हातातून मडकं घेतलं.

"हे काय?" दादा म्हणाला. "नवरा नसतो जात बायकोच्या मयताला. तू ओटीवर बस."

"का नसतो जात?"

"रीत हाय."

"रीत कशाची? सांग की. पुन्ना बोहल्यावर चडायचं आसतं नवऱ्याला, म्हनून मागं ठेवतात. मग सांग, कोन नवरी बगून ठेवलीस ती? आधी माजे दात मोजून घे म्हनावं, मग हळद लावा."

मी खरं तर रागानं बोललो. पण बायकांतून एक खळकन हसली, मग पुरुष हसले, मग दादाच्या मिशीखाली काहीतरी हललं. तिरडीशेजारी आम्ही सगळे हसत उभे होतो आणि ती तिथं हिरव्या लुगड्यात. तिला आवडलं असतं. दादानं डोळे पुसले आणि म्हणाला, "चल बाबा. तुला कोन अडवनार."

मडकं मीच धरलं, अग्नीही मीच दिला. सरण पेटायला वेळ लागत नाही त्या दिवसांत. सगळे मागं फिरले, मी उभा राहिलो. दादा सांगत होता, मागं वळून बघायचं नसतं. मी वळून नाही, समोरूनच बघत होतो.

घरी आल्यावर दादानं पुढचं समजावलं. अग्नी देणाऱ्यानं दहाव्यापर्यंत गावची वेस ओलांडायची नाही. कोपऱ्यात घोंगडीवर बसायचं, कुणाला शिवायचं नाही. "उद्या पोराला आनाय माज्या पोराला धाडतो. तू घरात बस."

"अग्नी दिला ते त्याला कोन सांगनार?"

"सांगंल की माजा पोरगा. नायतर काय बोलायचं नाय, घरी आल्यावर कळंल."

माझं बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि कशेळ्याला चालत गेलो. तिथून दुधाचा टेंपो नेरळला जातो. टेंपोवाला ओळखीचा. मला बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"काका, सुतकात हाय तुमी. मागं दूद हाय."

"मग मी फुडं बसतो."

"फुडं मी हाय!"

"तू काय नासनार हायस का रं?"

त्यानं दार उघडलं. नेरळपर्यंत माझ्यापासून अंग चोरून बसला, पण पैसे घेतले नाहीत. पुढं गाडी, मग बस. ज्याला त्याला विचारत पोचलो.

विमानतळावर लोखंडी कठड्याशी माणसं दाटलेली. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात नावाची पाटी. मी कठडा धरून उभा राहिलो. आत भोंग्यातून बाई काय बोलते ते कळत नव्हतं, म्हणून हवालदाराला विचारलं, मस्कत उतरलं का? तो म्हणाला, कधीच उतरलं. मग पोरगा कुठाय? तो म्हणाला, आजोबा, आत कागद तपासतात, सामान बघतात, तास जातोच. मी म्हटलं, म्हणजे तुमच्याकडंही कपाट आहे. त्याला काही समजलं नाही.

मुलगा बाहेर आला. खांद्याला एक लहान पिशवी, दुसरं काही नाही. दाढी वाढलेली. तो गर्दीत दादाच्या मुलाला शोधत होता बहुतेक. मग त्याला मी दिसलो आणि तो जागच्या जागी थांबला. आईचं मयत अजून घरात असतं तर बाप इथं आला नसता, एवढं त्याला सांगावं लागलं नाही.

मी कठड्याच्या टोकाला जाऊन त्याला गाठला.

"थांबला नाय तुमी?" तो म्हणाला.

"थांबलो. काल दुपारपर्यंत थांबलो."

"तीन तास तर लागतात, बाबा."

"ठाव हाय मला."

"मग?"

"अग्नी मी दिला. दुसऱ्या कुनी नाय, मीच दिला. आनि थांबायचं नाय हेबी मीच ठरवलं. राग धरायचा तर माज्यावर धर, गावावर नको."

तो तिथंच दाराच्या तोंडाशी फरशीवर बसला आणि हंबरडा फोडला. मागून येणारी माणसं अडली. गाड्यांवर सामान घेऊन, हार घालून, हसत येणारी सगळी माणसं. एक बाई आमच्या अंगावर अडखळली. हवालदार धावत आला. "आजोबा, रस्ता सोडा, माणसं खोळंबलीत. तिकडं बाजूला बसा."

"नाय सोडत," मी म्हटलं. "खोळंबू दे थोडी."

"असं नाही चालत."

"चालतं. त्याचं होऊ दे आधी."

हवालदार वळला आणि हात करून लोकांना दुसऱ्या बाजूनं सोडायला लागला. मी टोपी काढली आणि मुलाशेजारी फरशीवर बसलो.